आयएसओ १४००१ वर पीएचडी: विषय शिळा झालाय का?

कुपवाडकर:
नमस्कार मंडळी. कुपवाड एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत क्वालिटी बघतो, पर्यावरणाची फाईलही माझ्याच गळ्यात. ऑडिटच्या आधी आठ दिवस रजिस्टरं भरायची, वापरलेल्या वाळूच्या ढिगावर ताडपत्री टाकायची. नंतर वर्षभर कुणी विचारत नाही. यावरच शिवाजी विद्यापीठात पीएचडी करावी म्हणून गाईड सरांकडे गेलो. विषय: आयएसओ १४००१ ने, म्हणजे पर्यावरण व्यवस्थापनाच्या आंतरराष्ट्रीय मानकाने, कारखान्याची पर्यावरणीय कामगिरी सुधारते का? सर म्हणाले, "अहो, हा भात वीस वर्षं शिजतोय, आता करपला." मग सध्या संशोधन चाललंय कुठे?

सातारकर:
सर खोटं बोलत नाहीत. मी ऑडिटला शिरवळपासून मिरजेपर्यंत फिरतो, आणि पेपर वाचायची खोड आहे. मानक आलं १९९६ ला. आधी सगळे एकच विचारायचे, हे घेतं कोण आणि कशासाठी? मग तुमचा प्रश्न आला. पोटोस्की आणि प्रकाश यांनी २००५ मध्ये अमेरिकेतल्या कारखान्यांच्या आकड्यांवरून दाखवलं, की प्रमाणपत्रवाल्यांचं प्रदूषण घटतं. दोनच वर्षांनी कॅनडाचे बोइराल प्रत्यक्ष कारखान्यांतल्या लोकांशी बोलले, तर कागद चोख आणि रोजचं काम जवळपास तसंच. तुमची ताडपत्री या दुसऱ्या पेपरात शोभेल.

२०१५ च्या आवृत्तीने ९००१ शी, म्हणजे गुणवत्तेच्या मानकाशी, सांगाडा जुळवला, तेव्हापासून सगळ्या मानकांची मिळून एकच व्यवस्था चालवण्यावर पेपर निघतात. ते मला तरी कंटाळवाणे वाटतात. खरी हालचाल पुरवठा साखळीत आहे. सेबीने शेअर बाजारातल्या सगळ्यात मोठ्या १००० कंपन्यांना बीआरएसआर, म्हणजे पर्यावरण आणि सामाजिक जबाबदारीचा अहवाल सक्तीचा केला, आणि त्या कंपन्यांचे प्रश्न झिरपत तुमच्यापर्यंत येतात.

मिरजवाला:
झिरपत कसले, धो धो येतात! एका टनाला वीज किती युनिट, डिझेल किती. चार गिऱ्हाइकं, चार वेगळ्या एक्सेल शीट. यावर करा राव कुणीतरी पीएचडी.

सातारकर:
तोही विषय वाईट नाही. पण कुपवाडकर, तुम्ही सांगलीचे, पुराकडे बघा की. आपण कायम लिहितो कारखाना परिसराचं काय करतो. २०१५ पासून मानकाचं कलम ४.१ उलटंही विचारतं, परिसर कारखान्याचं काय करतो? फेब्रुवारी २०२४ च्या दुरुस्तीने त्यात हवामान बदल नाव घेऊन घातला. २०१९ च्या महापुरात सांगलीच्या आयर्विन पुलाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं, धोक्याची पातळी ४५. महापुराआधीची आणि नंतरची रजिस्टरं शेजारी ठेवा, दहा-बारा कारखान्यांची. काय बदललं ते शोधा.

कुपवाडकर:
आज सुरुवात घरातूनच केली. आम्ही उंचावर, शेडमध्ये थेंब आला नव्हता. पण निम्मे मोल्डर (साचे बनवणारे) नदीकाठच्या सांगलीवाडी-हरिपूरचे, त्यामुळे आठवडाभर भट्टी थंड होती. २०२० चं रजिस्टर काढलं: धूळ, आवाज, तेलगळती. ओळन् ओळ २०१८ चीच, फक्त तारीख नवी. 'पूर' हा शब्द एकदाच सापडला, आणीबाणीच्या फोनयादीत. त्यापुढे नंबर आहे तो २०१७ लाच निवृत्त झालेल्या साहेबांचा.

खाली सही माझी.