मदत हवी आहे: पाऊस लहरी असेल तर गेम थिअरीत सरासरी कोणती धरायची?

नमस्कार मंडळी,

मी ठाण्यात वर्तकनगरला राहते. एमएस्सीचा प्रकल्प गेम थिअरीवर (एकाचा फायदा इतरांच्या वागण्यावर कसा ठरतो, त्याचं गणित) करतेय आणि आठवडाभर एकाच जागी अडकलेय.

विषय सुचला तो गॅलरीतल्या तुळशीमुळे. मे महिन्यात वळवाची एक सर आली. कुंडीत गळलेल्या मंजिऱ्यांतून दोन-दोन पानांची इवलीशी रोपं वर आली आणि पुढच्या आठ-दहा दिवसांच्या उन्हात करपून गेली. जूनमध्ये पाऊस लागल्यावर त्याच मातीतून पुन्हा नवी रोपं! म्हणजे काही बिया थांबल्या होत्या.

त्यावरून पायथॉनमध्ये दोन वाणांचा खेळ मांडला. ‘उतावळं’ पहिल्या सरीलाच रुजतं, ‘सबुरीचं’ थांबतं. सबुरीच्या एका रोपामागे दरवर्षी एकच रोप. उतावळ्याला वाईट वर्षी ०.४, चांगल्या वर्षी ३ − क्ष. क्ष म्हणजे उतावळ्यांचा वाटा. दाटी झाली की ऊन वाटून घ्यावं लागतं. वर्ष कसं, ते नाणं उडवून ठरतं.

साधी सरासरी म्हणते, उतावळ्यांचीच सद्दी: सगळे उतावळे असले तरी (२ + ०.४) ÷ २ = १.२. पण वाढ वर्षागणिक गुणाकाराने होते, म्हणून भूमितीमध्य (आकड्यांच्या गुणाकारावरून काढलेली सरासरी) हवा. चांगल्या आणि वाईट वर्षाचा गुणाकार सबुरीच्या १ शी ताडायचा. २ × ०.४ = ०.८, म्हणजे गर्दीत ते मागे पडतात. विरळ असताना ३ × ०.४ = १.२, म्हणजे वाढतात. समतोल क्ष = ०.५ ला, कारण २.५ × ०.४ = १. शास्त्रज्ञ डॅन कोहेन यांनी १९६६ मध्ये वाळवंटी वर्षायू (एकच वर्ष जगणाऱ्या) वनस्पतींच्या सगळ्या बिया एकदम का रुजत नाहीत हे याच वाटेने मांडलं होतं.

एक ताळा जमला. प्रत्येक रोपासाठी वेगळं नाणं उडवलं की उतावळे जिंकतात. पाऊस सगळ्यांवर एकदम रुसतो, सगळा फरक तिथे आहे.

पण आलेखात क्ष ०.५ जवळ थांबतच नाही. कधी ०.९९ च्या वर, कधी ०.०१ च्या खाली. आणि २०० च रोपं धरली की दर वेळी एक वाण नामशेष होतं. मग ‘दोन्ही टिकतात’ असं लिहू कसं? माझं कुठे चुकतंय?

प्रतिसाद १

ताई, चुकलेलं नाही. क्ष ÷ (१ − क्ष), म्हणजे उतावळ्यांचं सबुरीच्यांशी गुणोत्तर, याचा नैसर्गिक लॉग काढून बघा. वाईट वर्षी तो ०.९२ ने घसरतो, पण मध्याकडे परत ओढणारा जोर अगदी कडेलासुद्धा वर्षाला सरासरी ०.१ च्या आसपासच. निम्म्यावरून सलग सहा वाईट वर्षं आली की २०० त उतावळं जेमतेम एक उरतं. ‘दोन्ही टिकतात’ हे अमर्याद संख्येपुरतं लिहा, आणि २००, २०००, २०,००० रोपांसाठी एक वाण संपायला किती वर्षं लागतात ते मोजा.

शिवाय तिसरं वाण घाला: निम्म्या बिया लगेच रुजवणारं, निम्म्या थांबवणारं. सगळी रोपं त्याचीच असताना (म्हणजे क्ष = ०.५) चांगल्या वर्षी १.७५, वाईट वर्षी ०.७, गुणाकार १.२२५. तिथे घुसलेल्या उतावळ्याचा २.५ × ०.४ = १, सबुरीच्याचाही १. १ हा १.२२५ पेक्षा कमी, म्हणून दोघांचाही शिरकाव होत नाही. तुमच्या तुळशीच्या एकाच मंजिरीतून दोन्ही तऱ्हेच्या बिया पडल्या असतील.

धागाकर्ती

दादा, मनापासून आभार! मी एका रोपाला एकच स्वभाव देऊन बसले होते. तिसरं वाण आज रात्रीच घालते, उद्या इथेच आकडे टाकते.