शलमोनाचं सोनं म्हणे नालासोपाऱ्याचं!

गलबत: "बायबलमधलं ओफीर म्हणजे आपलं नालासोपारा, शलमोनाचं सोनं इथूनच गेलं." ही पोस्ट पुन्हा फिरतेय, म्हणून लिहितोय. (शलमोन म्हणजे बायबलमधला इस्राएलचा राजा, ओफीर म्हणजे त्याचं सोनं जिथून यायचं ती जागा.) बायबलच्या '१ राजे ९:२८'मध्ये सोरचा राजा हीराम याचे खलाशी तिथून ४२० किक्कार सोनं आणतात ('२ इतिहास'मध्ये ४५०). किक्कार ३४ किलोच्या आसपास धरा, चौदा टन झालं. सोपाऱ्याजवळ खाण दाखवा! हट्टी, कोलार दोन्ही घाटापलीकडे. रोमन लेखक प्लिनीची रड तर उलटीच: भारत दरसाल रोमचे पाच कोटी सेस्टर्स (रोमन नाणी) गिळतो. भगवानलाल इंद्रजींना सोपाऱ्यात १८८२ साली मिळालेला स्तूप, अशोकाच्या आठव्या आज्ञेचा तुकडा, हे सगळं शलमोनानंतर निदान सातशे वर्षांनी.

सोपारेकर: खाण बंदरातच हवी हा कुठला नियम? पैठणहून गाड्या भरून ओनिक्स (एक रत्नखडा) भडोचला जायचा, पेरिप्लस या जुन्या ग्रीक व्यापारी-प्रवास पुस्तकात आहे. भडोचला कुणी खाण विचारली? आणि बायबलच्या जुन्या ग्रीक भाषांतरात ओफीरचं 'सोफिर' होतं, कॉप्टिकमध्ये (इजिप्तच्या ख्रिस्ती लोकांची भाषा) सोफिर म्हणजे भारतच. हे सोयीस्कर गाळलंत. शिवाय शलमोनाच्या जहाजांतून आलेले मोर! त्यांच्यासाठीचा हिब्रू शब्द 'तुक्की' तमिळ 'तोकै'वरून आलाय.

खडू: आला मोर! ते वाक्य '१ राजे' १०:२२चं, 'तार्शीशी' म्हणजे लांब पल्ल्याच्या जहाजांचं. ओफीरचं नाव त्यात नाही. तोकै म्हणजे पिसारा. आणि तमिळ शब्द पुरावा धरलात तर जहाज मलबारला लागलं, सोपाऱ्याला काय उरलं?

सोपारेकर: मग त्याच वाक्यातला माकडाचा हिब्रू शब्द 'कोफ'? सरळ संस्कृत 'कपि'.

खडू: माकडाला इजिप्तमध्येही 'गफ'सारखाच शब्द होता, आणि इजिप्त तर इस्राएलच्या शेजारीच. आणि ज्या ग्रीक भाषांतरावर एवढे नाचताय, त्याच्या व्हॅटिकनमधल्या जुन्या हस्तलिखित प्रतीत त्या जागी मोर-माकडं नाहीतच. कोरीव नि घडीव दगड आहेत. सोफिर घ्यायचा आणि दगड सोडायचे?

सोपारेकर: तुमचा सूर बघता तुम्हाला पुराव्यापेक्षा सोपारा नकोय एवढंच दिसतं.

आडवा_धागा: भांडा, पण तीन वर्षांचं काय? मोसमी वाऱ्यावर जुलैत इजिप्तहून निघालेलं जहाज डिसेंबरात परत फिरतं, वर्षात काम. तार्शीशी जहाजं तीन वर्षांनी येतात.

गलबत: तांबड्या समुद्राच्या वरच्या अर्ध्यात वारा जवळजवळ बारमाही उत्तरेचा. जाताना पाठीशी, येताना तोंडावर. शलमोनाची जहाजं जिथून निघायची ते एस्योन-गेबेर बंदर तर त्याहून वर, अकाबाच्या टोकाला. तिथेच पुढे यहूदाचा राजा यहोशाफाट याची जहाजं फुटली. शिवाय सुरुवातीचं नि शेवटचं अर्धं वर्षही अख्खं मोजायची पद्धत धरली तर तीनाची दोनच होतात. यातून अंतर काढता येत नाही. बायबलचं उत्पत्ति १०:२८-२९ बघा: ओफीर शबा आणि हवीला यांच्या मध्ये, म्हणजे अरबस्तान. तिथे महद अद-धहबची जुनी खाणही आहे.

सोपारेकर: म्हणजे ओफीर खरं होतं एवढं तरी मानता?

गलबत: मानतो की. इस्राएलमधल्या तेल कासिलेला सापडलेल्या जुन्या खापरावर लिहिलंय, 'ओफीरचं सोनं, बेथ-होरोनला, ३० शेकेल'. जेमतेम साडेतीनशे ग्रॅमची नोंद. पण तोवर ते 'दुबईचं सोनं' म्हणतात तसं मालाचं नावही झालेलं असू शकतं.

सोपारेकर: बरं बाबा, सोनं अरबांचं. मोर तरी आमचे राहू द्या.

खडू: दगड. वर वाचा.