जिओकॅशिंग : डबी सापडली की काय लिहिता? आणि नाही सापडली तर?

नमस्कार मंडळी. माटुंग्यात माझी एक डबी आहे. जुन्या फिल्मच्या रोलची, एका झाडाच्या ढोलीत ठेवलेली. मागच्या रविवारी बघायला गेले तर ढोली रिकामी. संध्याकाळी खेळातली मंडळी भेटली तेव्हा कळलं, चार जण ती शोधून हात हलवत परत गेले होते. एकानेही लॉग, म्हणजे खेळाच्या साइटवरची नोंद, लिहिला नव्हता. "ताई, तुम्हाला वाईट वाटेल म्हणून नाही लिहिलं," असं एक जण म्हणाला. लिहिलं असतं तर मी दुसऱ्याच दिवशी जाऊन नवी ठेवली असती आणि बाकीच्या तिघांचा हेलपाटा वाचला असता.

नव्यांसाठी थोडक्यात. मे २०००च्या सुरुवातीला अमेरिकेने जीपीएसमध्ये मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली. ३ मे रोजी ओरेगनमध्ये एकाने वस्तू भरलेली बादली ठेवून तिचे अक्षांश-रेखांश जाहीर केले, तिथून हा खेळ सुरू झाला. डबी शोधायची, आतल्या चिठ्ठीवर सही करायची, होती तशी परत ठेवायची आणि मग साइटवर लॉग लिहायचा. डबी ठेवणारा रोज तिथे जात नाही. ती शाबूत आहे की नाही हे त्याला लॉगमधूनच कळतं.

तुमचे अनुभव लिहा. चुकाही लिहा.

बोरिवलीहून

मी त्या चौघांतला नाही, पण तसंच वागलो आहे. गिरगावात एका गल्लीत डबी होती. दोन्ही बाजूंना उंच इमारती, त्यामुळे सिग्नल भिंतींवर आपटून येतो आणि फोनमधला बाण एकदा या फुटपाथवर, एकदा त्या फुटपाथवर. मुलीला घेऊन तीनदा गेलो. तिसऱ्यांदा ती रडकुंडीला आली. घरी येऊन काहीच लिहिलं नाही, कारण आधीच्या सगळ्यांना ती पाच मिनिटांत सापडली होती. 'नाही सापडली' असं आपल्या नावापुढे लागणार याची लाज वाटली, खरं सांगतो.

शेवटी मुलीनेच विचारलं, "बाबा, आपण गेलो होतो हे त्या काकांना माहीत आहे का?" त्या रात्री तिन्ही खेपांचे डीएनएफ, म्हणजे 'नाही सापडली'चे लॉग, टाकले. तारीख, वेळ, कुठल्या जिन्यापासून कुठल्या पाइपपर्यंत बघितलं, सगळं. नेमकी जागा कळेल असे शब्द मात्र टाळले. दुसऱ्या दिवशी मालकाचा निरोप आला: भिंतीचं प्लास्टर नव्याने झालंय, डबी गेली असणार, लिहिल्याबद्दल आभार. त्याने लगेच ती यादीत तात्पुरती बंद केली.

आता सापडलेल्या डबीपेक्षा न सापडलेलीचा लॉग मी जास्त मन लावून लिहितो.

मुलुंडहून

माझी चूक वेगळी. जुलैत भर पावसात एक डबी मिळाली नाही. गेलीच असणार असं ठरवून मी खिशातली दुसरी तिथे ठेवली, सही केली आणि 'सापडली' लिहून मोकळा झालो. मूळ डबी हातभर अंतरावर होती. पुढचे दोन महिने कोणी ही शोधलेली, कोणी ती, आणि मालकाला काही उमगेना. त्याने विचारल्यावर मी कबूल केलं आणि लॉग पुसला. न विचारता दुसऱ्याची डबी बदलायची नाही. चिठ्ठी भिजली असेल तर सुका कागद ठेवा, झाकण घट्ट लावा, आणि देखभाल हवी असं कळवा. आणि सही पेन्सिलीने. जेल पेनची शाई आपल्याकडच्या एका पावसाळ्यात पसरून जाते.

परळहून

मी बासष्ट वर्षांची आहे, नातवामुळे यात आले. पहिली दोन वर्षं 'टीएफटीसी' एवढंच लिहायची, म्हणजे डबीबद्दल आभार. इंग्रजीत चार वाक्यं लिहायची धास्ती वाटायची. मग एकदा शिवडीच्या बाजूला फेब्रुवारीत गेलो होतो, चिखलावर रोहित पक्षी उतरलेले, ओहोटीची वेळ. ते न लिहिता राहवेना. सरळ मराठीत लिहिलं. महिन्याभराने एका जर्मन पाहुण्याने आपल्या लॉगमध्ये लिहिलं की माझा लॉग फोनवर भाषांतर करून वाचला आणि ओहोटीची वेळ बघून गेलो. तेव्हापासून माझा प्रत्येक लॉग मराठीत. ज्यांना इंग्रजीची अडचण वाटते त्यांनी बिनधास्त आपल्या भाषेत लिहावं.

कुलाब्याहून

'बेवारस वस्तूला हात लावू नका' ही घोषणा आपण लोकलने जाताना रोज ऐकतो. या शहराने त्यामागचं दुःख भोगलं आहे. म्हणून स्टेशन, पूल, सरकारी इमारत यांच्या जवळ डबी दिसली तर मी सही करत नाही. मालकाला आणि साइटच्या तपासनिसाला कळवतो, मग कोणी रागावलं तरी चालेल. एकदा समुद्रकिनारी सुरक्षारक्षकाने हटकलं. पळालो नाही. डबी उघडून चिठ्ठी दाखवली, खेळ समजावला. लॉगमध्ये लिहिलं: संध्याकाळी इथे गर्दी आणि पहारा दोन्ही असतं, सकाळी सातच्या आधी या. त्यांचा फोटो किंवा नाव टाकलं नाही.

विक्रोळीहून

ट्रॅकेबल, म्हणजे एका डबीतून दुसरीत फिरणारी नंबर असलेली वस्तू, उचलता तेव्हा त्याचीही नोंद करा. माझा एक बिल्ला कोणीतरी डबीतून नेला, वर्ष झालं, पत्ता नाही. दोनेक आठवड्यांत पुढे नेता येत नसेल तर उचलू नये.

अंधेरीहून

थोडा वेगळा सूर. कामासाठी परदेशी जातो, तिथे एका दिवसात तीस-तीस होतात. सगळ्यांना वेगळं काय लिहिणार? एकच मजकूर चिकटवतो.

माटुंगा (धागाकर्ती)

अंधेरीकर, तीसातल्या ज्या दोन लक्षात राहिल्या त्यांना दोन ओळी लिहा, एवढं मागणं. बाकीच्यांना चिकटवा, तक्रार नाही. घरबसल्या, न जाता केलेले लॉग मात्र मी पुसते.

एक कळवायचं राहिलं. त्या चौघांपैकी तिघांनी काल आपापल्या खऱ्या तारखा घालून डीएनएफ टाकले. सर्वांत जुना २ जूनचा: "वीस मिनिटं शोधलं, खाली ताज्या कापलेल्या फांद्या पडल्या होत्या." म्हणजे पावसाळ्याआधीच्या छाटणीतच ती गेली. नवी डबी मी त्या झाडावर ठेवणार नाही. पलीकडच्या रस्त्यावरच्या दुकानदार काकांना विचारलंय, त्यांच्या ओट्याच्या कठड्याला लावायला ते तयार आहेत. नियमाप्रमाणे दुसऱ्या डबीपासून १६१ मीटर लांब बसतंय का, तेवढं मोजायचं बाकी आहे.