व्हायोला आणि तंतुवाद्यवृंद: रोमँटिक रचनांची ही रूपांतरं थांबवावीत का?

खर्जप्रेमी:
पाश्चात्त्य संगीतातल्या रोमँटिक काळानं (साधारण एकोणिसावं शतक) व्हायोलाला, म्हणजे व्हायोलिनच्या थोड्या मोठ्या, खालच्या स्वराच्या भावंडाला, एकलवाद्य म्हणून फार थोडं दिलं. त्यातल्या ग्लाझुनोव्ह (१८९३) आणि व्यूताँ या रचनाकारांच्या 'एलेजी' (शोकरचना) मुळात पियानोच्या साथीसाठी लिहिलेल्या. आता त्या तंतुवाद्यवृंदाबरोबर वाजवायच्या म्हणून पियानोची साथ व्हायोलिन-चेलोंवर वाटून टाकतात. माझं स्पष्ट मत आहे की यात व्हायोलाच बुडतो.

कारण वाद्याच्या घडणीत आहे. व्हायोला व्हायोलिनपेक्षा एका पंचमानं खाली लागतो, पण त्या खर्जाला हवी तेवढी मोठी पेटी (वाद्याचं पोकळ लाकडी अंग) केली तर ती खांद्यावर पेलणार नाही. पेटी लहान ठेवावी लागते, म्हणून आवाज थोडा झाकलेला, किंचित नाकातला येतो. आपण जीव टाकतो तो याच रंगावर. पियानोचा स्वर वाजताक्षणी विरू लागतो, तेव्हा या रंगाला जागा मिळते. तीच साथ सगळा वृंद बो ओढून धरून ठेवतो तेव्हा ती जागा भरून जाते. मॅक्स ब्रुखनं १९११ मध्ये 'रोमान्स' (ओपस ८५) लिहिताना वृंदात क्लॅरिनेट आणि हॉर्न ही सुषिरवाद्यं (फुंकून वाजवायची) घेतली, ती या रंगाला उठाव देतात.

मधली_तार:
अजिबात पटलं नाही. अदलाबदल त्या काळातच होत होती. ब्राम्सनं १८९४ च्या दोन्ही क्लॅरिनेट सोनाटा स्वतः व्हायोलाला दिल्या. शूबर्टची आर्पेजिओने या बोनं वाजवायच्या तंतुवाद्यासाठीची सोनाटा १८२४ ची, छापून आली १८७१ मध्ये. तोवर ते वाद्यच मागे पडलं होतं. रूपांतर नको म्हटलं असतं तर ती कुणी ऐकली असती?

आमच्या ग्रुपकडे फक्त तंतुवाद्यं आहेत. ग्लाझुनोव्ह बसवताना व्हायोलिनना म्यूट (आवाज दबवणारे चिमटे) लावले, डबल बास बोटानं छेडायला सांगितला आणि वृंदातल्या व्हायोलांना एकलवादकाच्या टप्प्यात शिरू दिलं नाही. शेवटच्या रांगेपर्यंत व्हायोलाची सी तार (सर्वांत खालची) ऐकू आली.

खर्जप्रेमी:
ब्राम्सनं व्हायोलासाठी सप्तकं बदलली, दुहेरी स्वर घातले. तो रचनाकाराचा हात होता! तुम्ही घेतलेली मेहनत खरी, पण बाजारातल्या तयार प्रतींत ती सहसा दिसत नाही. तिथे पियानोचा डावा हात जसाच्या तसा चेलोंना देऊन टाकलेला असतो.

एक श्रोता:
रचनाकार बेंजामिन ब्रिटनचं 'लॅक्रिमे' घ्या. रोमँटिक नाही, पण मुद्दा तोच. १९५० मध्ये पियानोबरोबर लिहिलं आणि १९७६ मध्ये, आयुष्याच्या शेवटच्या वर्षी, त्यानंच पियानोच्या जागी तंतुवाद्यं आणली. हिंडेमिथचं 'ट्राउअरम्युझिक' तर १९३६ मध्ये राजा पाचवा जॉर्ज गेल्यावर दुसऱ्या दिवशी काही तासांत व्हायोला आणि तंतुवाद्यांसाठीच लिहिलेलं. दोन्हींत व्हायोला कुठेही हरवत नाही.

खर्जप्रेमी:
मान्य, पण दोघांनी तंतुवाद्यं डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं. म्हणून माझी मागणी एवढीच की कार्यक्रमपत्रिकेवर रूपांतरकाराचं नाव हवं, आणि मूळ साथ कोणती तेही. ब्रुखचा 'रोमान्स' मात्र हॉर्नशिवाय वाजवू नये, यावर मी ठाम आहे.

मधली_तार:
नाव छापायला माझी हरकत नाही. हॉर्नची अट मानणार नाही. वृंदातले व्हायोलावाले वर्षानुवर्षं मधले स्वर भरत बसतात. त्यांच्यातलं कुणी पुढे उभं राहून ब्रुख वाजवणार असेल, तर सुषिरवादक मिळेपर्यंत त्याला मी थांबवून ठेवणार नाही.