मदत हवी आहे: घरटॅक्स दुपटीवर गेला, हिशेब नेमका कोणता मागू?

खारंपाणी

नमस्कार मंडळी. गाव अमरावती जिल्ह्याच्या खारपाणपट्ट्यातलं. तालुका मुद्दाम लिहीत नाही, लहान गावात लगेच ओळख पटते.

यंदा फेरआकारणी झाली आणि घरटॅक्सचं मागणीबिल 810 वरून 1,690 वर गेलं. घर तेच आहे. पुढं स्लॅबची एक खोली, मागं टिनाच्या दोन. पुढच्या खोलीत वडील होते तोवर किराणा दुकान होतं, आता सोयाबीनची पोती आणि फवारणीचे पंप असतात. बिलात घरपट्टी, दिवाबत्ती, आरोग्य कर आणि विशेष पाणीपट्टी. दिवाबत्तीचं काही म्हणणं नाही, आमच्या गल्लीतला दिवा लागतो. दुखणं पाणीपट्टीचं आहे. आमच्याकडं बोअर मारला की खारं लागतं. धरणाचं नळाचं पाणी येतं तेव्हा येतं. म्हणून पंचायतीनं आरओ बसवला, तो उन्हाळ्यापासून बंद. लोक कॅन विकत घेऊन राहिले.

सरकारच्या मेरी पंचायत ॲपवर (पंचायतीचा खर्च दाखवणारं) आमच्या गावापुढं आरओ दुरुस्तीचा खर्च पडलेला दिसतो. सचिवांना विचारलं तर म्हणे, "भाऊ, ते वरचे पैसे आहेत, तुमच्या टॅक्सचा त्यात काही संबंध नाही." वरचे म्हणजे काय आभाळातले?

शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही म्हणून "तुम्ही कास्तकार कुठं टॅक्स भरता" असं ऐकवणारा एकतरी पाहुणा प्रत्येक लग्नात भेटतोच. ही स्लॅबची खोली बांधली तेव्हा सिमेंटवर 28 टक्के जीएसटी होता. सप्टेंबर 2025 पासून 18 झाला, आमचं बांधून झाल्यावर. फवारणीच्या रासायनिक औषधावर 18. डिझेलवर राज्याचा व्हॅट. व्यापारी आपला भरलेला जीएसटी पुढच्या हिशेबात वळता करून घेतो, कास्तकार कोणाकडून वळता करणार?

असो. टॅक्स दुप्पट कसा झाला ते गणित कोणत्या कागदावर असते? आरओचा खर्च कोणत्या वहीत सापडेल? आणि आरओ सुरू होईपर्यंत टॅक्सच भरायचा नाही असं गावातली पोरं म्हणतात, ते करावं का? बायको म्हणते आधी भर, मग भांड. पालकमंत्र्यांना टॅग करा हा सल्ला कृपया नको.

जुना कारकून

वहिनींचं ऐका. थकबाकी राहिली की पंचायतीचा कोणताही दाखला मागायला गेलात तर पहिले टॅक्सची पावती मागतात. शिवाय बिल बजावल्यापासून तीन महिन्यांत टॅक्स भरला नाही तर ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम 14 खाली सदस्यत्वाला अपात्रता येते. तुमच्या त्या पोरांपैकी कोणाला पुढं उभं राहायचं असेल तर विरोधक हाच कागद काढतील. आणि चालू वर्षाचा कर 30 सप्टेंबरच्या आत भरला तर 5 टक्के सूट आहे, ती काहून सोडता?

आता गणित. 31 डिसेंबर 2015 च्या सुधारित नियमांपासून घरपट्टी भांडवली मूल्यावर बसते. क्षेत्रफळाला जमिनीचा दर लावतात. त्याच क्षेत्रफळाला बांधकामाचा दर लावून घर जुनं असेल तसा घसारा, म्हणजे जुनेपणाची वजावट, लावतात. दोन्हींची बेरीज करून तिला वापराच्या भारांकानं गुणतात. राहत्या घराचा भारांक 1, दुकानाचा त्याहून जास्त. मग येणाऱ्या मूल्यावर हजारामागं काही पैसे असा दर, आणि तो आरसीसीला जास्त, मातीच्या घराला कमी.

हे सगळं नमुना 8 मध्ये असतं, म्हणजे कर आकारणी नोंदवही. नमुना 9 ही मागणीची वही, तिच्यात फक्त आकडा दिसेल, तो कसा आला ते दिसणार नाही. तेव्हा नमुना 8 चा उतारा मागा. वापर, बांधकामाचा प्रकार, क्षेत्रफळ आणि बांधकामाचं वर्ष एवढंच पाहा. मला संशय आहे तो तुमच्या त्या किराणा खोलीचा.

खारंपाणी

कारकून साहेब, उतारा काढला. वापर "दुकान". बांधकाम "आरसीसी", आणि तेही पूर्ण क्षेत्रफळाला! टिनाच्या खोल्यांवरही यांनी कागदावर स्लॅब टाकून दिला. बांधकामाचं वर्ष कोरं.

जुना कारकून

मग भांडण तिथंच आहे. वर्ष कोरं म्हणजे घसाराही नीट बसला नसेल. लेखी अर्ज द्या, घराचे फोटो जोडा, प्रत्यक्ष मोजणी मागा आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. ऐकलं नाही तर आकारणीविरुद्ध अपील पंचायत समितीकडं जातं. मुदत असते, म्हणून अर्ज लोळवत ठेवू नका. तोवर टॅक्स भरा आणि त्याच अर्जात "हरकत कायम ठेवून भरणा केला" हे वाक्य लिहा.

संत्राबाग

मी पाच वर्षं सदस्य होते (मोर्शीकडची), म्हणून आरओचं सांगते. सचिव म्हणाले ते अर्धं खरं आहे. पंचायतीचे दोन खिसे असतात. एक ग्रामनिधी, त्यात तुमचा टॅक्स. त्यातूनच 15 टक्के मागासवर्गीयांसाठी, 10 टक्के महिला व बालकल्याणासाठी, 5 टक्के दिव्यांगांसाठी ठेवायचे असतात. उरलेल्यात कर्मचाऱ्याचा पगार, बल्ब, ब्लीचिंग पावडर. दुसरा खिसा वित्त आयोगाचा, त्याचं खातं वेगळं. 15 व्या आयोगाच्या 2021-22 ते 2025-26 या काळात त्यातला 60 टक्के पैसा बंधित, म्हणजे ठरलेल्या कामांनाच वापरायचा होता, निम्मा पाण्यासाठी आणि निम्मा स्वच्छतेसाठी. राज्यात आलेल्या रकमेतले 80 टक्के थेट ग्रामपंचायतीला. आरओची मशीन बहुतेक त्या पाण्याच्या हिश्श्यातून आली असेल.

पण तो पैसा आभाळातून येत नाही, भाऊ. तो तुमच्या सिमेंटच्या 28 टक्क्यांतूनही गेलेलाच आहे. तेव्हा "तुमचा संबंध नाही" हे खपवून घेऊ नका.

आता दुसरी बाजू. मशीन येते तेव्हा फीत कापायला सगळे असतात. महिन्याचं वीजबिल, फिल्टर, मेम्ब्रेन (खारं पाणी गाळणारा पडदा) हे कोण भरणार हे कोणी विचारत नाही. ते येतं ग्रामनिधीतून, पाणीपट्टीतून. आमच्या गावात वसुली निम्म्यावर आली आणि आरओ बंद पडला, तेव्हा मशीन ठणठणीत होती, फक्त वीज तोडली होती! म्हणून टॅक्स रोखायचा विचार मला पटत नाही. ज्या खिशातून आरओ चालतो तोच रिकामा होतो, आणि ज्या खिशातून ठेकेदाराचं बिल निघालं त्याला काही फरक पडत नाही.

तुम्ही आधी बघा की आरओ कशानं बंद आहे. वीज, मेम्ब्रेन, की मोटर? दुरुस्तीचं बिल निघालेलं असेल तर काम काय झालं ते मोजमाप पुस्तिकेत आणि प्रमाणकात (खर्चाच्या व्हाउचरमध्ये) असलंच पाहिजे. देखभाल करार होता का हेही विचारा. असला तर पैसे पुन्हा का दिले हा खरा प्रश्न.

धानपट्टा

भंडाऱ्याहून. कागद मागा, पण ग्रामसभा सोडू नका. गणपूर्ती, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, जे कमी असेल ते. आमच्याकडं काय होते, लोक येत नाहीत, सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अटच नाही. मग दहा डोकी बसतात अन् वर्षभराचा आराखडा मंजूर. रोवणीच्या दिवसांत 15 ऑगस्टला तर हमखास. ॲपवर ओरडणारी पोरं त्या तहकूब सभेला हजर राहिली तरी अर्धं काम होते.

खारंपाणी

पोरांना वाचून दाखवलं. टॅक्स रोखायचं खूळ तूर्त थांबलं. आरओवाल्या खोलीचं कुलूप सचिवांकडं आहे, मीटर मात्र बाहेर भिंतीवर आहे आणि त्यावर डिस्प्लेच नाही. संत्राबाग ताई, तुमचं वीजबिलाचं म्हणणं खरं निघेल असं वाटते. माहिती अधिकाराचा अर्ज कोणी शब्दांत देईल का? मागं एकाचा अर्ज "विषय एकापेक्षा जास्त" म्हणून परत आला होता.

जुना कारकून

आपल्या राज्याच्या नियमात अर्ज एकाच विषयाचा आणि 150 शब्दांच्या आतला हवा. घरटॅक्स आणि आरओ एकत्र करू नका. आरओसाठी असं लिहा:

"ग्रामपंचायतीच्या आरओ जलशुद्धीकरण यंत्राबाबत, यंत्र बसवल्यापासून आजपर्यंतची खरेदी व दुरुस्तीची सर्व प्रमाणके, मोजमाप पुस्तिकेतील संबंधित पाने, देखभाल करार, वीजबिले व ती भरल्याच्या नमुना 5 रोकड वहीतील नोंदी यांच्या साक्षांकित प्रती मिळाव्यात. तसेच मूळ अभिलेख पाहण्याची परवानगी मिळावी."

"का केलं", "कोण जबाबदार" असले प्रश्न टाकू नका, उत्तर "माहिती उपलब्ध नाही" येईल. कागद मागा. 30 दिवसांत काही आलं नाही तर पहिलं अपील, तेही पुढच्या 30 दिवसांत.

संत्राबाग

10 रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावा, प्रतींचे पानामागं 2 रुपये. दारिद्र्यरेषेखालचं कार्ड असलेल्या कोणाच्या नावानं अर्ज दिला तर फी लागत नाही, पण कार्डाची प्रत जोडायला विसरू नका.