लोकसभा उपाध्यक्षाची निवडणूक : दोन प्रस्ताव आले तर क्रम कसा ठरतो?

मंडळी, मदत हवी आहे. कॉलेजच्या युवा संसदेत यंदा लोकसभेच्या उपाध्यक्षाची निवडणूक घ्यायची आहे. (खऱ्या लोकसभेत २०१४ नंतर ती झालेलीच नाही, म्हणून मुलांना उत्सुकता जास्त!)

घटनेचं कलम ९३ आणि लोकसभेच्या कामकाजाचे नियम ७ व ८ वाचून झालेत. तारीख अध्यक्ष ठरवतात, आदल्या दिवशी दुपारी १२ च्या आत महासचिवांकडे लेखी सूचना द्यायची, अनुमोदक लागतो, उमेदवाराचं संमतिपत्र लागतं आणि स्वतःचं नाव स्वतः सुचवता येत नाही, इथवर सगळं स्पष्ट आहे. प्रस्ताव एकेक करून मताला टाकतात आणि एक मंजूर झाला की पुढचे टाकतच नाहीत, हेही कळलं.

घोडं अडलंय ते इथेच. म्हणजे पहिला नंबर लागणाऱ्याचा फायदा उघड आहे, आणि आमच्याकडे दोन्ही गट दार उघडताच सूचना घेऊन हजर राहणार. दोन्ही एकाच वेळी आल्या तर क्रम कसा लावतात, चिठ्ठी टाकून?

दुसरं, जून २०२४ मध्ये अध्यक्षांची निवड आवाजी मतदानाने झाली, विरोधकांनी मतविभाजनाचा (म्हणजे बाजूची-विरोधातली मतं मोजण्याचा) आग्रह धरला नाही. समजा आमच्या विरोधकांनी धरला, तर पीठासीन अधिकाऱ्याला ते घ्यावंच लागतं का?

विधानसभेचे नियम नकोत, फक्त लोकसभेचे. मतदानाचं यंत्र नाही, त्यामुळे मतविभाजन चिठ्ठ्यांवर किंवा उभं करून घ्यावं लागेल. संसदेचं कामकाज जवळून पाहिलेलं कुणी आहे का इथे?