घराचं ‘मस्तक’ बाप, मग धर्मशिक्षण आणि सातबारा कोणाच्या वाट्याला?

पापडीकर:
वसईतल्या कॅथलिक लग्नाच्या मिस्सात, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, बायबलमधल्या प्रेषित पौलाच्या इफिसकरांस पत्राचा पाचवा अध्याय अनेकदा वाचला जातो. ‘पती पत्नीचे मस्तक (प्रमुख) आहे’ एवढंच सगळ्यांच्या लक्षात राहतं आणि पुढे घरोघरी तेच चालतं. बापाचा शब्द शेवटचा. माझं म्हणणं असं, की या वचनातला अधिकार तेवढा आपण पुरुषांनी घेतला आणि कष्ट बायकांकडे दिले. या वाक्याच्या अगदी आधी एकमेकांच्या अधीन राहायला सांगितलंय. पुढे पौल बायकांपेक्षा नवऱ्यांशीच जास्त बोलतो आणि ख्रिस्ताने मंडळीसाठी (चर्चसाठी) जीव दिला तशी प्रीती करा म्हणतो. सहाव्या अध्यायात बापांना थेट ताकीद आहे की मुलांना चिरडीस आणू नका. हे कुठल्या प्रवचनात ठासून सांगितलं जातं?

प्रत्यक्षात मुलांना प्रार्थना आई शिकवते. मुलं पहिल्यांदा ख्रिस्तप्रसाद घेतात त्या प्रथम कम्युनियनच्या तयारीच्या बैठकीला आया, रविवारच्या धर्मशिक्षणाला सोडायला आया. बाप चर्चच्या आवाराबाहेर बाईकवर बसलेला. संध्याकाळची जपमाळ आजी सुरू करते आणि बाप शेवटच्या आमेनला उगवतो. बाप्तिस्म्याच्या विधीत चर्च जबाबदारी दोघांवर टाकतं, शेवटच्या आशीर्वादात दोघांनाही मुलाचे श्रद्धेतले पहिले शिक्षक म्हणतं. बापाने आधी ते शिक्षकाचं काम हातात घ्यावं. प्रमुखपणाचं नंतर बोलू.

नगरकर:
तुम्ही सांगता ती परिस्थिती खरी आहे, पण तिचा उपाय मला उलटा वाटतो. तो बाप बाईकवर बसून राहतो कारण ‘हे तुझं काम आहे, याचा जाब तुला द्यायचाय’ असं त्याला कोणी बजावलेलंच नाही. आमच्या प्रोटेस्टंट घरात कौटुंबिक उपासना वडील चालवत. ते शास्त्रपाठ वाचत, गीत निवडत, भावंडांत भांडण झालं असेल तर आधी ते मिटवायला लावत आणि मगच प्रार्थना. ‘मी आणि माझे घराणे परमेश्वराची सेवा करणार’ असं बायबलच्या जुन्या करारातला पुढारी यहोशवा म्हणतो, म्हणजे तो सगळ्या घराचा शब्द देतो. मुलं वाईट मार्गाला लागली हे कळूनही त्यांना आवरलं नाही म्हणून देवाने एली याजकाला दोषी धरलं. त्यांच्या आईला नाही. तुम्ही ‘दोघांची जबाबदारी’ म्हणता तेव्हा ती शेवटी आईच्याच गळ्यात पडते, कारण बापाला निसटायला वाट मिळते. प्रमुख म्हटलं की ती वाट बंद होते.

अबोली:
नगरकर दादा, मग पौलाचा तरुण सहकारी तीमथ्य याचं काय? त्याचे वडील ग्रीक होते. त्याच्या विश्वासाबद्दल लिहिताना पौल नावं घेतो ती आजी लोईस आणि आई युनीके यांची. संत ऑगस्टीनचे वडील पात्रिसियुस यांनी आयुष्याच्या अखेरीस बाप्तिस्मा घेतला, तोवर घरात प्रार्थना केली ती आई मोनिकाने. आमच्या आळीत बाप दारूपायी गेलेली घरं आहेत. काही घरांत बाप जिवंत आहे, पण असून नसल्यासारखा. तिथली मुलं शिकली, चर्चला आली, ती कोणाच्या जिवावर?

१९३० साली पोप पायस अकरावे यांनी विवाहावरच्या पत्रात पुरुषाला मस्तक आणि स्त्रीला हृदय म्हटलं. पण नवऱ्याने कर्तव्य टाळलं तर घर चालवण्याची त्याची जागा बायकोने घ्यायची, असंही त्याच पत्रात आहे. १९८८ मध्ये जॉन पॉल दुसरे यांनी अधीनता परस्परांची असल्याचं स्पष्ट केलं. २०१६ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी लिहिलं की त्या वचनाची भाषा त्या काळच्या संस्कृतीतली आहे, त्यावरून बायकोला दबवण्याचा अर्थ काढू नये. कॅथलिक चर्च इतकं पुढे आलंय. आपल्या गावातली प्रवचनं अजून पहिल्या अर्ध्या ओळीवरच थांबतात.

जहाजी:
इथे बाप म्हणजे बाईकवर बसलेला माणूस असं चित्र रंगतंय, म्हणून लिहितो. मी बोटीवर काम करतो. एकदा कॉन्ट्रॅक्ट सुरू झालं की महिनोन् महिने घर दिसत नाही. मुलीच्या प्रथम कम्युनियनला मी समुद्रात होतो. माझा भाऊ कुवेतला आहे. तिथे सुट्टी शुक्रवारी, म्हणून शुक्रवारी मिस्सा करतो आणि मग घरी व्हिडिओ कॉल लावून मुलांचा अभ्यास घेतो. वसई-गोव्यात अशी कितीतरी घरं आहेत. येशूचा पालक पिता संत योसेफ शुभवर्तमानात एक शब्दही बोलत नाही. स्वप्नात सूचना मिळाली, रात्रीच उठला आणि मिसरला (इजिप्तला) निघाला. डिसेंबर २०२० पासूनचं वर्ष पोप फ्रान्सिस यांनी त्याच्याच नावाने पाळायला सांगितलं होतं. गाजावाजा न करता कुटुंबासाठी राबणं हेही बापपणच आहे. त्याला कमी लेखू नका.

अबोली:
जहाजी दादा, तुमच्या कष्टांना कोण कमी लेखेल? पण योसेफ बाळाला आणि मरियेला सोबत घेऊन गेला. लांब राहून कमावणाऱ्या बापाचा मी आदर करते. घरी परतल्यावर त्याने पुन्हा ‘माझा शब्द शेवटचा’ म्हणू नये, एवढंच. तो नसताना रोजचे निर्णय बायकोनेच घेतलेले असतात.

पापडीकर:
एक गोष्ट अजून कोणीच काढली नाही. जमीन.

आपल्याला, म्हणजे इथल्या ख्रिस्ती लोकांना, भारतीय उत्तराधिकार कायदा १९२५ लागू आहे. बाप मृत्युपत्र न करता गेला तर विधवेला एक तृतीयांश आणि उरलेलं मुलगे-मुलींना सारखं. केरळात त्रावणकोरच्या १९१६ च्या जुन्या कायद्याने मुलीला मुलाच्या वाट्याचा चौथा हिस्सा किंवा पाच हजार रुपये, यातलं जे कमी असेल ते मिळायचं. ते मोडायला तिथल्याच ख्रिस्ती मेरी रॉय सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि १९८६ मध्ये जिंकल्या. वसईत तो अडथळा नव्हता. तरी इथे बहिणी हक्कसोडपत्रावर सही करतात, कारण माहेर तुटायला नको. जमिनीचे भाव आभाळाला भिडल्यावर तर भाऊ कागद घेऊनच येतो. ज्या बापाने आयुष्यभर घरातला शेवटचा शब्द आपला ठेवला, त्याने जिवंतपणी मुलांना बसवून ‘बहिणीचा वाटा तिला द्यायचा’ एवढं एक वाक्य का उच्चारलं नाही? मला याचा मनापासून राग येतो. जपमाळेला बाप उशिरा आला तर एकवेळ चालेल. इथे तो गप्प बसला तर मुलीचं कायमचं नुकसान होतं.

नगरकर:
जमिनीबद्दल शंभर टक्के मान्य. आणि म्हणूनच प्रमुख हवा म्हणतो. मुलग्यांना तोंडावर ‘नाही’ सांगणारं कोणीतरी घरात लागतं. ज्याला तो अधिकार आपला वाटतो, तोच हे करू शकतो. दोघे सारखे म्हटलं आणि मतभेद झाला, तर निर्णय कोण घेणार?

अबोली:
ते ‘नाही’ आईने का सांगू नये? तिचा एक तृतीयांश वाटा सातबाऱ्यावर तिच्या नावाने चढला तर तिच्या शब्दालाही वजन येईल. आज ती स्वतःच मुलाच्या घरात परक्यासारखी राहते, ती काय बोलणार? तुमची सगळी भिस्त बाप चांगला निघण्यावर आहे. तो चांगला निघाला नाही तर त्या घराने काय करायचं, याचं उत्तर तुम्ही अजून दिलेलं नाही.

आणि मतभेदाचं म्हणाल तर, मुलीला नर्सिंगला बाहेरगावी पाठवायचं का यावर आमच्याकडे बरेच दिवस अबोला होता. शेवटचा शब्द कोणाचाच नव्हता, म्हणून दोघांना पुन्हा पुन्हा बोलावं लागलं. मुलगी गेली, शिकतेय.

विवाहपूर्व शिबिरात धर्मशिक्षणाला मुलांना कोण नेणार, आजारपणात रजा कोण टाकणार आणि मुलींच्या वाट्याचं काय, हे तिन्ही प्रश्न नवरदेवाला विचारावेत, असं मी पॅरिशच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, बैठकीत मांडणार आहे.

नगरकर:
वाट्याचा प्रश्न आमच्या पाळकांसमोर मीही ठेवतो. तो सगळ्याच मंडळ्यांत विचारला पाहिजे. मस्तकाचं वचन मात्र संस्कृतीच्या खात्यावर टाकून मी सोडणार नाही. बाप वाईट निघाला तर काय, याचं उत्तर माझ्या मते मंडळीने द्यायचं. वडीलवर्गाने (मंडळीच्या ज्येष्ठ पुढाऱ्यांनी) त्याच्या घरी जाऊन त्याला जाब विचारायचा. पूर्वी जात असत, आता जात नाहीत.